ज्याचा त्याचा पडदा

जळगाव
१४ फेब्रुवारी १९९३

ती. द्रौपदाअक्कास,
अभिमनचा सप्रेम जयभीम.

पहूरच्या लग्नात तू मला विचारलंस, "भाऊ, तू करस तरी काय?" आणि तेवढ्यात पंगत बसली. उत्तर राहून गेलं. बाकीच्या नातेवाइकांना 'पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं पुरतं. तुला पुरणार नाही. तंत्रनिकेतनची तीन वर्षं मी तुझ्या घरी राहून काढली. तुला तरी नीट कळायला हवं.

मी एक प्रोग्राम लिहिला आहे. त्याचं नाव 'जुळणी'. कसल्याही कामाची माहिती त्यात ठेवता येते. दवाखान्यातले रुग्ण, शाळेतली मुलं, केळीच्या गाड्या, काहीही. काय नोंदवायचं, कसं शोधायचं, कागदावर कसं छापायचं, हे सगळं वापरणाऱ्याने आपल्या मर्जीने ठरवायचं. आणि सगळं मराठीत. अक्षरंसुद्धा मी स्वतः ठिपक्याठिपक्यांनी काढली आहेत.

आता खरी गोष्ट. तो कुणालाच नको आहे. नवी पेठेतल्या एका सर्जनना तासभर दाखवला. ते म्हणाले, "फार ताकदवान आहे हो. पण मी नेमकं काय दाबायचं?" केळीचे एजंट भटू आबा आहेत, त्यांना प्रत्येक खुबी समजावली. त्यांनी जांभई दिली आणि म्हणाले, "भारी शे मास्तर. पन मना काय कामनं?"

माझा भागीदार कंटाळून पुण्याला निघून गेला. त्याच्या कंपनीत माझ्यासाठीही जागा आहे म्हणतो. तुझी भावजय झुंबर म्हणते, जायचं तर जाऊ, पण रोज संध्याकाळी असा चेहरा करून बसू नका.

तुमच्या क्षयरोगाच्या दवाखान्याला कुणीतरी कॉम्प्युटर देणगी दिला आहे आणि तो कापडाखाली झाकून ठेवला आहे, असं तू म्हणाली होतीस. त्यात 'जुळणी' घालून बघशील? मला काही नको. फक्त एखाद्या ठिकाणी तो खरोखर चालताना बघायचा आहे. मग पुण्याला गेलो तरी चालेल.

दाजींना जयभीम.

तुझा,
अभिमन

*

धुळे
३ मार्च १९९३

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझं पुडकं मिळालं. यंत्रावरचं कापड काढलं तर आत पालीने अंडी घातली होती. ती काढली, मग मोतीलाल आबांनी बटण दाबलं. मोतीलाल आबा म्हणजे आमचे कंपाउंडर. सगळा दवाखाना बघायला गोळा झाला.

पडदा उजळला आणि त्यावर ओळीच ओळी आल्या. नवीन तक्ता बनवा, रकाने ठरवा, क्रम बदला, अजून काय काय. भाऊ, मी इथे बावीस वर्षं काम करते. मला कुणी दारात पाय ठेवताच 'या घरात काय काय करता येईल ते तुम्हीच ठरवा' असं म्हटलं तर मी आल्या पावली परत जाईन. आधी पाणी तरी विचारावं की नाही?

तू रागावू नको. तू विचारलंस म्हणून सांगते.

आमच्याकडे औषध सहा-आठ महिने चालतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस धरतं, आणि माणूस समजतो की आपण बरे झालो. तो औषध बंद करतो. मग रोग दुप्पट होऊन येतो. म्हणून सकाळी आल्याबरोबर मला एकच प्रश्न असतो. काल कोण यायला हवं होतं आणि आलं नाही? ते मला कार्डांचे गठ्ठे उलटून शोधावं लागतं आणि तोवर बाहेर रांग लागते. तुझ्या यंत्राने सकाळी तेवढंच सांगावं. दुसरं काही विचारू नये, दाखवू नये.

आणि अक्षरं मोठी कर. चांगली वितीएवढी. मोतीलाल आबांचं वय झालं आहे, त्यांना बारीक दिसत नाही.

झुंबरला सांग, मिरच्या वाळल्या की पाठवते.

तुझी,
अक्का

*

जळगाव
२५ मार्च १९९३

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी फुगून बसलो. झुंबरने पत्र मागितलं, वाचलं आणि हसत सुटली. "अक्कांनी बरोबर ओळखलं," म्हणाली. "तुम्ही पाहुण्याला आधी तिजोरीच्या किल्ल्या देता."

मग कामाला बसलो. 'जुळणी'तलं मी काही काढलेलं नाही. सगळं आत तसंच आहे, फक्त तुझ्यापुरतं झाकलं. झाकताना जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू. एकेक सोय रात्रंदिवस खपून केलेली. आता यंत्र चालू केलं की एकच ओळ येईल, 'काल कोण आलं नाही?' आणि खाली नावं. नावावर आलीस आणि मोठं बटण दाबलंस की गाव आणि पत्ता. बास.

अक्षरं मोठी केली आहेत. पडद्यावर आता सहाच ओळी मावतात. मोतीलाल आबांना म्हणावं, याहून मोठी हवी असतील तर भिंतीवर रंगवून देतो.

तुझं अक्षर बदललं का गं? एका पानावर आठ-दहा ओळी, त्याही उतरत्या. नवीन पेन घेतलंस की घाईत लिहिलंस?

फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवतो आहे. उन्हात ठेवू नको.

अभिमन

*

धुळे
२० मे १९९३

चि. अभिमन यास आशीर्वाद, जयभीम.

पेन नवीनच आहे. जाड शाईचं.

आता ऐक. वना नावाचा एक रुग्ण आहे. साक्रीच्या बाजूला वीटभट्टीवर राबतो. दर सोमवारी यायचा. एका मंगळवारी सकाळी यंत्र लावलं तर पडद्यावर पहिलंच नाव त्याचं. एरवी त्याचं कार्ड मला कधी सापडलं असतं देव जाणे. मोतीलाल आबा त्याच दिवशी एसटीने गेले. वना भट्टीवर विटा वाहत होता. आबांना म्हणाला, "मी आते बरा शे. औषध कसाले?" तेवढं बोलला आणि खोकला लागला, आणि खोकल्यातून रक्त पडलं. त्याची बायको बाजूला उभी होती. तिने डोक्यावरच्या विटा तिथेच उतरवल्या आणि त्याला घेऊन आबांबरोबर एसटीत बसली.

आता तो दर सोमवारी येतो. ती सोबत येते, तो पळून जाऊ नये म्हणून.

भाऊ, हे तुला सांगायचं होतं. तू जळगावला बसून केलंस आणि इथे एक माणूस जगला. तुला कळायला हवं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी हे पाहिलं आणि आता त्यांनाही तुझं यंत्र हवं आहे. पण त्यांना नावं नकोत, आकडे हवेत. किती बरे झाले, किती औषध अर्धवट सोडून गेले, कोणत्या तालुक्यातले. आबांना फक्त गोळ्यांचा साठा हवा. तिघांना एकाच यंत्रात तीन तऱ्हा करता येतील का?

माझ्याही आणखी दोन-तीन मागण्या आहेत. अक्षरं पिवळी आणि मागचं सगळं काळं कर. खिडकीतून ऊन येतं, पांढऱ्यावर काही दिसत नाही. बटण दाबलं की आवाज होऊ दे, बरोबरला एक आणि चुकीला वेगळा. आणि जमलं तर महत्त्वाच्या बटणांवर हाताला लागेल असं काहीतरी चिकटव. सगळं आबांसाठी.

तुझी,
अक्का

*

जळगाव
९ जुलै १९९३

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

वनाची हकिगत मी झुंबरला वाचून दाखवली. दोघांनाही मग जेवण गेलं नाही. चांगल्या अर्थाने म्हणतो.

तिघांच्या तीन तऱ्हा तयार आहेत. डॉक्टरांना आकडे, आबांना गोळ्या, तुला नावं. यंत्र सुरू होताना एवढंच विचारेल की कोण बसलंय. बाकी रंग, आवाज, सगळं तू म्हणालीस तसं.

आणि आता माझी बातमी. तुझं पत्र आल्यावर मी पुन्हा भटू आबांकडे गेलो. या वेळी यंत्र नेलंच नाही. नुसता त्यांच्या पेढीतल्या गादीवर सकाळभर बसलो. आबा आले, टोपी काढली आणि मुनिमाला विचारलं, "गाडी कोठे शे?" फोन वाजला, तरी तेच. दिल्लीचा व्यापारी आला, तरी तेच. केळी वाटेत अडकली की पिकतात, त्यामुळे त्या माणसाला दिवसभर दुसरा विचार नसतो.

आठ दिवसांनी यंत्र घेऊन गेलो. चालू केलं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात उमटलं, 'गाडी कोठे शे?' खाली गाड्या, कुठली इटारसीला, कुठली झाशीला. आबांनी दोनदा वाचलं आणि असे हसले की शेजारच्या गादीवरचे लोक धावत आले. "या रे या! हाई मशीन आपली बोली बोलस!" त्या दिवशी मला तिथून कुणी उठूच देईना.

नशिराबादच्या शाळेतल्या पार्वताबाई मॅडमना 'आज कोण गैरहजर?' एवढंच करून दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या हेडमास्तरांना आणून बसवलं. आत सगळीकडे तीच 'जुळणी', एक अक्षर बदललेलं नाही. वर मात्र ज्याचा त्याचा पडदा. आणि गंमत म्हणजे महिन्याभराने लोक स्वतःच विचारतात, "यात अजून काय होतं हो?" मग मी एकेक दार उघडून देतो. नवी पेठेतल्या सर्जनकडेही पुन्हा जाणार आहे.

पुण्याला नाही म्हणून कळवलं. हे तुझ्यामुळे झालं. उपकार वगैरे म्हटलं तर तू रागावशील, म्हणून म्हणत नाही.

पुढच्या महिन्यात स्वतः येतो. बटणांवरचे उंचवटे हातानेच चिकटवावे लागतील.

अभिमन

*

जळगाव
२३ ऑगस्ट १९९३

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचलो. पारोळ्याला गाडी बंद पडली, बाकी काही नाही.

तुझ्या हातची शेवभाजी खाऊन आलो, तरी वाटभर मन लागलं नाही. काय झालं ते सरळ लिहितो.

दवाखान्यात तू माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हतीस. माझ्या कानाकडे, खांद्याकडे बघून बोलत होतीस. मला वाटलं, रागावली आहेस. गेल्या दिवाळीला आलो नाही, ते मनात असेल.

मग दुपारी मोतीलाल आबा औषधाच्या बाटलीवरचं वाचत होते. मुंगीएवढी अक्षरं. चष्म्याशिवाय, हात लांब न करता. मी म्हटलं, "आबा, तुमची नजर चांगली आहे." ते म्हणाले, "देवानी कृपा, अजून सुईत दोरा ओवतो." मी बटणांवर उंचवटे लावून दिले, त्यांवर त्यांनी एकदाही बोट ठेवलं नाही. तू मात्र सगळ्यांवर हात फिरवून बघितलास आणि तुझा चेहरा उजळला.

अक्का, मग मोठी अक्षरं कुणासाठी? मला खरं सांग. माझ्यापासून तरी लपवू नको.

अभिमन

*

जळगाव
४ ऑक्टोबर १९९३

ती. अक्कास,
जयभीम. माझ्या पत्राला उत्तर नाही. वाईट वाटलं असेल तर एकदा रागावून तरी लिही. झुंबर म्हणते, तुम्ही असं विचारायला नको होतं. खुशाली कळव.

अभिमन

*

धुळे
१८ नोव्हेंबर १९९३

चि. अभिमन यास आशीर्वाद, जयभीम.

हे अक्षर तुझ्या दाजींचं आहे. मी सांगते आणि ते लिहितात. ते डेपोत गाड्यांची इंजिनं खोलतात, तेव्हा कागदाला काळा हात लागला असेल तर चालवून घे.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मला ते वाचता आलं नाही. आधीची पत्रं मी दवाखान्यात खिडकीशी भिंग लावून वाचत होते. या वेळी भिंगानेही अक्षर लागेना. मला वाटलं, सुखरूप पोचल्याचं पत्र असेल. मी ह्यांना म्हटलं, "चष्मा फुटला शे, वाचा बरं." ह्यांचं वाचणं तुला माहीत आहे, डेपोतल्या कर्ण्यासारखं. शेवभाजीपर्यंत खुशीत वाचलं. मग आवाज हळू होत गेला. 'मोठी अक्षरं कुणासाठी' इथे आले आणि थांबले. ह्यांनाही तेव्हाच कळलं.

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दीड वर्ष. डोळ्याच्या मधोमध धुकं आहे. कडेकडेने सगळं दिसतं, म्हणून चालते, स्वयंपाक करते, कुणाला संशय येत नाही. पण ज्याच्याकडे बघावं त्याचाच चेहरा पुसतो. मी तुझ्या कानाकडे बघत होते, कारण तसं बघितलं तरच तू दिसत होतास. राग कसला रे वेड्या.

मला भीती होती ती दवाखान्याची. आंधळी झाली म्हणून घरी बसवतील. ती माणसं, ती रांग, सकाळी कोण आलं नाही ते बघणं, त्याच्याशिवाय मी काय करू? म्हणून आबांचं नाव पुढे केलं. आबांना हे आता कळलं. ते म्हणाले, "बाई, मना डोयासवर एवढा आळ घेतला, आधी विचारतीस तरी."

तुझं पत्र वाचल्यावर ह्यांनी उठून चहा ठेवला. लग्नापासून पहिल्यांदा. साखर घालायची विसरले. दुसऱ्या दिवशी डेपोच्या कपड्यांवरच मला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मग नाशिकला. सगळ्यांचं एकच म्हणणं. डोळ्यामागचा पडदा सुकत चालला आहे. जे गेलं ते परत येणार नाही, पण कडेचं राहील. त्या धावपळीत तुला उत्तर गेलं नाही.

मग मी स्वतःच आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला यंत्रापुढे बसवलं आणि उभे राहून बघत राहिले. मी नावं काढली, पत्ते काढले, दोघांना पोस्टकार्डं पाठवायला सांगितली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांची पाकिटं यापुढे मोतीलाल बघतील, त्याला तुम्ही हात लावायचा नाही. बाकी ही खुर्ची तुमची आहे. कुणाचा पडदा केवढ्या अक्षरांचा, हे मी कुणाला सांगत बसत नाही."

वनाचा कोर्स पुरा झाला. त्याची बायको मला भेटायला आली. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण तिने माझा हात धरला तो विटांनी खरखरीत झालेला हात मला पुरला.

तू विचारलंस ते फार बरं केलंस. मी आपणहून कधीच सांगितलं नसतं.

(अभिमन, मी रुपचंद. तिने सांगितलं तसं लिहिलं. तुझे फार फार आभार. अजून काय लिहावं ते येत नाही.)

अक्का

*

जळगाव
६ जानेवारी १९९४

ती. दाजी,
जयभीम. सोबत एक फ्लॉपी आहे. ती अक्काने दवाखान्यातल्या यंत्रात घालायची आणि तिनेच वाचायची. तुम्ही बाहेर बसावं ही नम्र विनंती.

अभिमन

(फ्लॉपीवरील पत्र)

अक्का,

हे पत्र तुझ्या पडद्यावर तुझ्याच अक्षरांत उमटेल. पिवळं, मोठं, काळ्यावर. सहा ओळी झाल्या की उंचवट्याचं बटण दाब, पुढचं येईल. 'जुळणी'ला मी पत्रंही शिकवली. उत्तर लिहायचं तर तिथेच टाइप कर आणि फ्लॉपी परत पाठव.

माझ्या पत्राने तुझं गुपित सगळ्या घराला ऐकवलं. झालं ते चांगलंच झालं, पण तुझी पत्रं अशी दुसऱ्याच्या तोंडून तुझ्यापर्यंत यावीत हे मला बरं वाटेना.

काही गोष्टी दाजींच्या आवाजात तुला ऐकवायला मला लाज वाटते. तंत्रनिकेतनच्या पहिल्या वर्षी मी नापास झालो आणि ट्रंक भरून बसलो होतो. तू ट्रंक उघडलीस, कपडे काढून धुवायला टाकलेस आणि म्हणालीस, "ओले कपडे घालून कुठे जाशील? वाळेपर्यंत अभ्यास कर." ते तीन दिवस वाळूच दिले नाहीस. मी आज जो आहे तो तिथे सुरू झालो. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणतो.

आणि दुसरं. झुंबरला दिवस गेले आहेत. आठ वर्षांनी. आधीचं दोनदा काय झालं ते तुला माहीत आहे, म्हणून चौथा महिना लागेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं तिने ठरवलंय. तिच्या आईलाही नाही. पण काल तीच म्हणाली, "अक्कांना सांगा. एकट्या अक्कांना."

अभिमन

*

धुळे
१९ जानेवारी १९९४

अभिमन,

हे मी स्वतः लिहिते आहे. एकेक बटण चाचपून. दोन दिवस लागले. चुका असतील, तुझ्या यंत्राने वेगळा आवाज केला तरी काही राहिल्या असतील.

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर वाचलं. एका वेळी सहा ओळी. कपड्यांचं मी विसरले होते. मी ते मुद्दाम परत भिजवत होते, हे तुला तेव्हाच कळलं होतं तर.

मग पुढच्या सहा ओळी आल्या आणि मी तोंडावर पदर घेतला. बटण दाबून मागे गेले, पुन्हा वाचलं. कुणाच्या तोंडून नाही, माझ्या डोळ्यांनी. किती दिवसांनी एक बातमी सगळ्यांच्या आधी मला कळली. झुंबरला म्हणावं, जड उचलायचं नाही, आणि मिरच्यांचं पुडकं आता मी पाठवणार नाही, डिंक आणि खारका पाठवते.

तू कामात मला खूप काही करून दिलंस. पण हे पत्र माझं एकटीचं करून दिलंस, त्याचे आभार कसे मानू ते कळत नाही. म्हणून नुसतं लिहून ठेवते.

हे बाहेर बाकावर बसले होते. मी आले तर म्हणाले, "एवढी काय हसतेस? काय लिहिलंय त्याने?" मी म्हटलं, "कामाचं शे." रात्री जेवताना पुन्हा विचारलं. आज सकाळी डेपोला जाताना दारातून परत फिरून विचारलं.

चौथा महिना लागला की मीच सांगेन. तोपर्यंत त्यांना विचारू दे. मला फार बरं वाटतंय.

अक्का